विसरतो म्हणून डॉक्टरकडे गेलो होतो

माझे आजोबा शेवटची तीन वर्षं आम्हाला ओळखत नव्हते. जेवण होऊन तास झाला की आईला विचारायचे, "सूनबाई, आज जेवाले देत नाही काय वो?" गावात त्याला म्हातारचळ म्हणतात आणि सोडून देतात. त्यामुळे वयाच्या 36 व्या वर्षी मला माझ्याच हातानं लावलेलं कुलूप आठवेनासं झालं, तेव्हा मी पक्कं धरलं की हे आजोबांचंच आहे, माझ्याकडे तीस-पस्तीस वर्षं आधी आलं एवढंच.

तसं नव्हतं. काय होतं ते कळायला सहा महिने लागले आणि त्या काळात नऊ हजारांच्या वर रुपये उगाच गेले. अलीकडे आजूबाजूच्या गावांतून दोघातिघांनी फोन करून "तुमचं मेमरीचं कसं बरं झालं" असं विचारलं. प्रत्येकाला सगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो. दवाखान्यांची आणि डॉक्टरांची नावं मुद्दाम लिहिलेली नाहीत.

आमचं गाव वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवर. सहा एकर वावर, पऱ्हाटी आणि तूर, एक विहीर, पाच एचपीची मोटर. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले, ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. त्याच हंगामात माझा साळा फवारता फवारता धुऱ्यावर आडवा झाला. तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. अकरा दिवसांनी घरी आला, आता ठणठणीत आहे. पण दवाखान्याच्या व्हरांड्यात त्या अकरा दिवसांत जे पाहिलं, ते माझ्याबरोबर घरी आलं.

परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते लोखंडी कपाट घेण्याचं. फवारणीच्या विषाच्या, लाल त्रिकोणाच्या बाटल्या तोवर कोठ्यात ढेपेच्या पोत्याशेजारी असायच्या. पोरगी दोन वर्षांची होती, सगळीकडे रांगत-धावत फिरायची. कपाट घेतलं, मोठं कुलूप घेतलं, चावी माझ्या करदोड्याला. यात चुकीचं काहीच नव्हतं, आजही सगळ्यांनी असंच करावं असं मी म्हणेन. कुलूप लावलं की एकदा ओढून पाहायचो. मग दोनदा. कधीतरी तीनदा झालं आणि तीनचा नियम बनला. तीनदा ओढताना मध्ये कोणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. हे कसं वाढत गेलं याचा हिशोब माझ्याजवळ नाही. पीक वाढताना दिसत नाही, तसं.

2021 पर्यंत कुलपासोबत मोटरचा स्टार्टर आला, घरचा गॅस आला, आणि फवारणीच्या बादलीतून पिण्याच्या पाण्याच्या ड्रमात काही पडलं तर नाही, हा विचार आला. हा शेवटचा सगळ्यात वाईट. मी पडताना पाहिलेलं नसायचं, पण 'पडलं नाही' असं पाहिल्याचंही ठामपणे आठवायचं नाही. दोनशे लिटरचा ड्रम मी किती वेळा ओतून दिला असेल! उन्हाळ्यात, पाण्याची बोंब असताना.

मग मला एक युक्ती सुचली. कुलूप लावलं की मोबाईलवर फोटो काढायचा. वाटेत शंका आली की फोटो पाहायचा, विषय संपला. पंधरा दिवस फार छान गेले. त्यानंतर फोटो पाहून वाटायला लागलं, हा आजचाच कशावरून? मग तारीख-वेळ पाहायची. मग व्हिडिओ. व्हिडिओतला हात माझा आहे, आवाज माझा आहे, मीच म्हणतोय "लागलं, लागलं, लागलं", आणि तरी पोटात कालवतंय. मग बायकोला फोन.

"पाहा बरं कुलूप लागलं काय?"

"लागलं जी. म्या सोता ओढून पायलं."

"नीट पाहिलं नं?"

एका दिवशी असे 22 फोन झाले. तिनं वहीत रेघा मारून ठेवल्या होत्या, तिच्या भावाला दाखवायला.

31 मार्च 2023. सेवा सहकारी सोसायटीचं पीककर्ज होतं, 1 लाख 40 हजार. मुदतीत भरलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत व्याज लागत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. कापूस विकून पैसे आधीच आले होते. आदल्या दिवशी रामनवमीची सुट्टी, म्हणून शेवटच्या दिवशी निघालो. सकाळी 9 वाजून 20 मिनिटांची एसटी. फाट्यावर पोचलो आणि कपाट आठवलं. परत गेलो, पाहिलं, आलो, गाडी निघून गेलेली. पुढची 11.40 ला. ती समोर येऊन उभी राहिली, एक पाय पायरीवर ठेवला आणि खाली उतरलो. या वेळी स्टार्टर. कंडक्टर म्हणाला, "भाऊ, येता का राहता?" राहिलो. काळी-पिवळीनं पोचलो तेव्हा भरणा बंद झालेला होता. यात सोसायटीचा काही दोष नाही, त्यांनी महिनाभर आधीपासून निरोप दिले होते. व्याजाचा भुर्दंड बसला तो माझ्या कुलपामुळे. त्या रात्री पहिल्यांदा बायकोला म्हणालो, "माझं डोकं आजोबासारखं होऊन राहिलं."

आता इलाजाचं. एप्रिलमध्ये तालुक्याच्या गावी एका डॉक्टरकडे गेलो आणि इथं माझी पहिली चूक झाली. मी म्हणालो, "विसरायला होतं." एवढंच. कुलपाचं सांगितलं नाही, फोटोंचं नाही, ड्रमाचं तर नाहीच. ऐकणाऱ्याला ते खुळ्यासारखं वाटेल याची लाज. त्यांनी मेमरीचं टॉनिक लिहिलं, महिन्याला 640 रुपये, तीन महिने घेतलं. मेच्या शेवटी शहरात एका खासगी दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. फी 700, एमआरआय 6,500. रिपोर्ट नॉर्मल. "काही नाही तुम्हाला, टेन्शन घेऊ नका," आणि पुढचा पेशंट. मला वाटलं होतं रिपोर्ट नॉर्मल आला की आनंद होईल. घरी येऊन तो रिपोर्ट मी रोज वाचायचो, त्यावर नाव माझंच आहे ना, वय बरोबर आहे ना. (पुढे कळलं की साध्या एमआरआयवर हा आजार दिसतच नाही. तो काढला तर दुसरं काही नाही एवढं कळतं.) दरम्यान आईनं एक उतारा केला. 450 रुपयांचा कोंबडा. आईला नावं ठेवत नाही. टॉनिकपेक्षा स्वस्तच पडला.

जुलैत आमच्या चुलत वहिनीनं, ती गावात आशा आहे, एक नंबर दिला: 14416. टेलिमानस म्हणतात त्याला, केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेली मानसिक आरोग्याची फोनसेवा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, रात्रीही लागतो. मी रात्री 11 वाजता विहिरीवर बसून लावला. मोटरची वीज यायची होती, आजूबाजूला कोणी नव्हतं. घरून मी कधीच लावला नसता. तिकडून एक बाई बोलत होत्या. मी विसरण्याचं पुराण सांगितलं. त्यांनी मध्येच विचारलं, "दादा, एक सांगा. कुलूप लावल्याचं तुम्हाला आठवत नाही, की आठवतं पण पटत नाही?"

मी गप्प. विहिरीत बेडूक ओरडत होते ते ऐकू येत होते. आठवत होतं. आत्ताही आठवत होतं, डाव्या हातात टॉर्च होती तेसुद्धा. पटत नव्हतं.

त्यांनी सांगितलं की जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी असते, कोणत्या वारी डॉक्टर बसतात ते आधी विचारून जा, आणि सोबत घरचं माणूस न्या. हे शेवटचं फार कामाचं निघालं. मी जे लपवलं असतं ते बायकोनं सांगितलं.

तरी दोन महिने गेले. फवारणी होती, मग डवरणी, मग पोळा. खरं कारण भीती. आमच्याकडे मानसोपचार म्हटलं की लोकांना एकच आठवतं, "नागपूरले नेतात काय?" नागपूरचं मनोरुग्णालय 1864 पासूनचं, आमच्या आज्या-पणज्यांच्या शिव्यांतसुद्धा ते आहे. मला वाटायचं एकदा केसपेपरवर नाव चढलं की पोरीच्या लग्नापर्यंत निघणार नाही. तसं काही नसतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. हे मला ओपीडीच्या भिंतीवरच्या फलकावरून कळलं, म्हणजे तिथं पोचल्यावर.

20 सप्टेंबर 2023, गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो. बायकोचं तिकीट अर्धं, महिलांना त्या मार्चपासून एसटीत सवलत सुरू झाली होती. केसपेपर फुकट, तेही 15 ऑगस्टपासूनच. साडेआठला रांगेत लागलो, नंबर 43. बाजूच्या डोळ्यांच्या ओपीडीत गावातला एक जण भेटला, त्याला सांगितलं चष्म्यासाठी आलोय. पावणेबाराला आत गेलो. मी आदल्या रात्री एका चिठ्ठीवर लिहून नेलं होतं: काय काय तपासतो, किती वेळा, दिवसाचे किती तास जातात. तास मोजले तर चार निघाले. आत गेल्यावर माझी जीभ वळलीच नाही, चिठ्ठी पुढे केली. तुम्ही जाल तर अशी चिठ्ठी न्या. जुने रिपोर्ट, गोळ्यांची रिकामी पाकिटं, सगळं एका पिशवीत न्या.

डॉक्टर तरुण होते. चिठ्ठी वाचून हसले नाहीत, चकितही झाले नाहीत. म्हणाले, "ओसीडी." मग माझा चेहरा पाहून, "मंत्रचळ म्हणतात ना आपल्याकडे? तेच." म्हणजे नको ती शंका डोक्यातून जात नाही आणि ती शमवायला माणूस तेच तेच करत राहतो. हा शब्द मी आजीच्या तोंडून हजारदा ऐकलेला, सोवळ्याओवळ्याच्या बायांबद्दल. तो पुरुषाला, वावरातल्या माणसाला, विषाच्या कपाटापायी होऊ शकतो हे डोक्यातच नव्हतं. त्यांनी दहा प्रश्न विचारले, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण चाळीस. येल-ब्राऊन नावाचं माप आहे. माझे 27 आले. 24 पासून पुढे तीव्र धरतात. फवारणीत असतो म्हणून त्याबद्दलही खोदून विचारलं, थायरॉइड आणि बी-12 तपासायला रक्त घेतलं. ते ठीक निघालं.

मी म्हणालो, "पण डॉक्टर, मेमरी?"

त्यांनी केसपेपरच्या मागच्या बाजूला डोक्याचं चित्र काढलं. कपाळाच्या मागे, डोळ्यांच्या वरचा मेंदूचा एक भाग 'काहीतरी चुकलं' अशी सूचना देतो. ती आत कॉडेट नावाच्या गाठीसारख्या भागातून थॅलॅमस नावाच्या दुसऱ्या भागाकडे जाते आणि फिरून परत कपाळाकडे. काम झालं की हे चक्र शांत व्हायला हवं. ओसीडीत ते जास्त तापलेलं राहतं, सूचना फिरत राहते.

मी म्हणालो, "म्हणजे कॉन्टॅक्टर चिकटला."

त्यांना कळलं नाही. मग मी समजावलं. मोटरच्या स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्टर असतो. लाल बटण दाबलं की तो सुटायला पाहिजे आणि मोटर बंद व्हायला पाहिजे. कधी पत्ती जळून चिकटते. तुम्ही लाल बटण दाबता, नीट दाबता, दहादा दाबता, मोटर चालूच. बटणात खोट नसते, दाबणाऱ्यातही नसते. डॉक्टर म्हणाले हे मी दुसऱ्या पेशंटला सांगतो. त्या दिवसात मला तेवढंच बरं वाटलं.

गोळी दिली फ्लुऑक्सेटिन, 20 ची, सकाळी जेवल्यावर. दोन आठवड्यांनी 40, नोव्हेंबरात 60. ओसीडीला उदासीच्या आजारापेक्षा बहुधा जास्त डोस लागतो आणि फरक दिसायला आठ ते बारा आठवडे जातात, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं म्हणून मी टिकलो. कारण पहिला महिना नुसता त्रास होता. मळमळ, घाम, झोप तुटायची. आणखी एक त्रास होतो तो नवरा-बायकोमधला आहे, लाजून गोळी बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, त्यांना माहीत असतं.

मेमरीचा माझा हेका सुटेना म्हणून त्यांनी एका मोठ्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात चाचण्यांसाठी चिठ्ठी दिली. तारीख मिळाली 16 ऑक्टोबर. चाचण्यांचे 600 रुपये, अडीच तास.

तिथल्या मानसशास्त्रज्ञ मॅडमनी 15 शब्द वाचून दाखवले, आठवतील तेवढे सांगा म्हणाल्या. असं पाच वेळा. मग दुसरंच काम दिलं, आणि अर्ध्या तासानं पुन्हा विचारलं, ते पंधरा कोणते? मी सांगत गेलो. प्रत्येक शब्दानंतर "बरोबर आहे ना?" विचारत होतो, त्या काही बोलत नव्हत्या, नुसती खूण करत होत्या. झाल्यावर म्हणाल्या, किती बरोबर आले असतील? मी म्हणालो, पाचेक.

तेरा आले होते.

"तुमच्या वयाला हे चांगलेच आहेत," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "पुन्हा मोजा." आणि दोघंही हसलो.

सगळ्यात बरोबर आलो असं मात्र नाही, तेही सांगतो. एक गुंतागुंतीची आकृती होती, आयत, त्यात रेघा, त्रिकोण, ठिपक्यांचं वर्तुळ. आधी पाहून काढायची, नंतर आठवून. आठवून काढताना माझी पार वाट लागली. मॅडमनी माझा पहिला कागद पुढे ठेवला. मी मोठा आयत आधी काढलाच नव्हता. एका कोपऱ्यातल्या तीन बारीक रेघांपासून सुरुवात केली होती, त्या समान आहेत का हे पाहत खोडत बसलो होतो, आणि बाकीचं त्यांना चिकटवत गेलो होतो. ओसीडीच्या बऱ्याच पेशंटांचं असंच होतं म्हणाल्या. साठवणीची जागा ठीक असते, पण वस्तू आत ठेवतानाच विस्कटलेली ठेवली जाते, मग काढताना सापडत नाही. मला ते लगेच पटलं. मी धुरे मोजत बसलो आणि वावर राहून गेलं. शिवाय दिवसभर डोक्यात कुलूप फिरत असताना कोणी काय सांगितलं याकडे लक्षच नसतं. बाजारातून हळद आणायची राहते ती विसरली म्हणून राहत नाही, ती ऐकलेलीच नसते.

पण कुलपाचं कोडं उरलंच. तेरा शब्द आठवणाऱ्याला पाच मिनिटांपूर्वीचं कुलूप का पटत नाही? त्यावर त्यांनी एक प्रयोग सांगितला, तो मी आजवर वीस जणांना सांगितला असेल. 2003 साली नेदरलँड्सच्या व्हॅन डेन हाऊट आणि किंट या दोन संशोधकांनी साध्या, निरोगी विद्यार्थ्यांना संगणकावरच्या गॅसच्या शेगड्या चालू-बंद करून तपासायला लावल्या. पुन्हा पुन्हा. शेवटी विचारलं, आता कोणत्या तपासल्या? उत्तरं बरोबरच होती. पण ज्यांनी तेच तेच तपासलं होतं त्यांची आठवण धूसर झाली होती आणि तिच्यावरचा भरवसा उडाला होता. 2006 मध्ये कॅनडात खऱ्या शेगडीवर करून पाहिलं, तेच. म्हणजे भरवसा नाही म्हणून आपण तपासतो एवढंच खरं नाही. तपासल्यामुळेच भरवसा जातो. आणि हे कोणाचंही होऊ शकतं, आजार नसलेल्याचंही.

परतीच्या एसटीत मी खिडकीतून पांदण रस्ता पाहत होतो. पावसाळ्यात चिखलातून एक बंडी गेली की तिची चाकं स्वच्छ उमटतात, कोणाची ते सांगता येतं. शंभर गेल्या की एकच खोल चाकोरी होते, आणि आजची बंडी कोणती हे कोणीच सांगू शकत नाही. माझ्याकडे कुलूप लावल्याच्या आठवणी कमी नव्हत्या. एका दिवसाच्याच तीस होत्या, एकावर एक.

इलाज त्यामुळे उलटा होता. तपासायचंच नाही. शंकेच्या समोर उभं राहायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. ही पद्धत 1966 मध्ये लंडनच्या व्हिक्टर मेयर यांच्या कामातून पुढे आली. त्यासाठी मॅडमकडे बसायचं होतं दर पंधरा दिवसांनी, एका वेळचे 150 रुपये, अशा दहा बैठका. नोव्हेंबर-डिसेंबरात कापूस वेचणी जोरात असते, त्या दोन बैठका फोनवर झाल्या. विचारलं तर होतं तसं. विचारायला लाजू नका.

पहिल्या दिवशी एक शिडी तयार केली, प्रत्येक पायरीला शंभरपैकी किती घाबरं होईल तो आकडा. मागच्या दाराची कडी न पाहता झोपणं, 30. गॅस, 45. स्टार्टर, 60. विषाचं कपाट एकदाच लावून शहरात जाणं, 90. फवारणी झाल्यावर ड्रमातलं पाणी न ओतणं आणि तेच पिणं, 100. खालच्या पायरीपासून सुरुवात. कुलूप एकदा लावायचं, लावताना त्याच्याकडे पाहायचं, हात काढायचा आणि चालायला लागायचं. फोटो नाही, फोन नाही. घाबरं होईल तेवढं होऊ द्यायचं आणि वहीत दर दहा मिनिटांनी आकडा लिहायचा. कुलपाची माझी पहिली नोंद: 80, 85, 85, 70, 55, 40. तासाभरात आपोआप उतरलं. काही न करता उतरलं, हे मला कागदावर पाहिलं नसतं तर खोटं वाटलं असतं.

सगळ्यात जड गेलं ते बायकोला. सहा वर्षं ती "लागलं जी" म्हणत आली होती, तिला वाटायचं यानंच माझा जीव शांत होतो. मॅडमनी तिला वेगळं बसवून समजावलं, की प्रत्येक "लागलं" हे आणखी एक तपासणंच आहे. तेव्हापासून मी विचारलं की तिनं एकच उत्तर द्यायचं ठरलं: "तुमचं तुम्ही पाहा." पहिल्या आठवड्यात मी चिडून ताट सारलं. दुसऱ्या आठवड्यात रडलो. आई मध्ये पडायची, "सांगून टाक नं वो बिचाऱ्याले, काय जाते तुयं?" आईला समजावायला मग साळा आला, तो यवतमाळचा, विषबाधेतून उठलेला. तो माझ्यासमोर म्हणाला, "भाऊजी, मले झालं ते मास्क नव्हता म्हणून, वारं उलटं होतं म्हणून. तुमच्या कुलपाचा त्यात काय संबंध?" सहा वर्षांत मी त्याला हे एकदाही विचारलं नव्हतं.

24 डिसेंबरला फोटो काढून टाकायचे ठरले. मोजले तर 4,118. कपाट, स्टार्टर, गॅसचा खटका, पोरीच्या वाढदिवसाचे सात फोटो आणि पुन्हा कपाट. पोरगी बाजूला बसून होती. "बाबा, इतके कुलपं कोणाचे?" एकाच कुलपाचे, म्हणालो. तिला गंमत वाटली, तीच बोट दाबत गेली. तीन दिवस पोटात खड्डा होता. चौथ्या दिवशी कापसाचं माप होतं, त्या धांदलीत राहून गेलं.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितलेली. 1992 मध्ये अमेरिकेत बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी काही पेशंटांना फ्लुऑक्सेटिन दिलं, काहींना नुसती अशी वागणुकीची थेरपी दिली, आणि आधी-नंतर मेंदूचे स्कॅन काढले. ज्यांना गुण आला, त्यांच्या कॉडेटचं तापणं दोन्ही गटांत उतरलेलं होतं. गोळीनंही, आणि कुलूप न ओढण्यानंही. माझा स्कॅन कोणी काढला नाही, काढायची गरजही नव्हती. पण कॉन्टॅक्टर बाहेरूनही सुटतो, हे कळल्यावर शिडीची वरची पायरी चढायला बळ आलं.

12 फेब्रुवारी 2024 ला येल-ब्राऊनचे गुण 27 वरून 15 वर आले. 21 मार्चला सोसायटीचं कर्ज भरलं, मुदतीच्या दहा दिवस आधी. पावती घेतली, घडी घालून खिशात ठेवली. रस्त्यात एकदा उघडून पाहिली, खोटं कशाला सांगू.

जुलैत पुन्हा घसरलो. फवारणीचे दिवस, दोन आठवडे झोप नाही, आणि एका सकाळी मी ड्रम ओतून दिला. मग दुसऱ्या दिवशीही. मॅडमना फोन केला, त्यांनी रागावल्याशिवाय विचारलं, "तिसऱ्या दिवशी?" तिसरा दिवस तोच होता. ड्रम भरलेला होता, मी फोनवर असतानाच तांब्याभर पाणी प्यायलो. ऑगस्टच्या शेवटी गुण 11. डॉक्टरांनी गोळी चालूच ठेवली आहे, निदान वर्ष-दोन वर्षं लागतात आणि कमी करायची तर हळूहळू, स्वतःच्या मनानं नाही. शंका अजून येते. सकाळी फाट्यावर उभा असलो की येतेच.

मागच्या महिन्यात शेजारच्या गावचा एक जण आला होता. पन्नाशीचा, दूध घालतो. "मले बी तुयं मेमरीचं औषध सांग," म्हणाला. बसवलं, चहा पाजला, आणि त्या बाईंनी मला विचारलेलं तेच विचारलं: आठवत नाही, की पटत नाही? तो बराच वेळ कपाकडे पाहत राहिला. बुधवारी त्याला घेऊन दवाखान्यात जायचं ठरलं. पिशवीत कागद, खिशात चिठ्ठी, दोघंही 9.20 साठी फाट्यावर. गाडी वळणावर दिसली आणि तो म्हणाला, "भाऊ, मी एक डाव गोठ्याचं फाटक पाहून येतो."

मी अडवलं नाही. गाडी गेली. तो परतला तेव्हा घामानं निथळत होता, माझ्याकडे पाहायला तयार नव्हता. मी बांधावर जागा करून दिली. 11.40 ची वीस मिनिटं उशिरा आली.